लष्करी धाटणीचे गणवेश: चायनाचं कापड, बांगलादेशची तयार शिलाई की देशी मिल?

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत ३५ मशीनचं शिलाई युनिट चालवणाऱ्या एका भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: निमलष्करी दलाच्या ३,००० जोड गणवेशांच्या निविदेत उतरायचं आहे. सुरतचा एजंट चायनाचं छापील कॅमोफ्लाज कापड १८० रुपये मीटरने पोहोच देतो म्हणतो, देशी मिलचा भाव २२५ आहे आणि मिलवाला वर आगाऊ पैसेही मागतो. तिसरा एक जण सांगतो की शिलाईच्या भानगडीत पडूच नका, बांगलादेशातून तयार जोड मागवा. यातलं काय करावं?

भाऊ, प्रश्न दराचा वाटतो, पण तो दराचा नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सहा खिशांची पँट असा जोड ५८ इंची पन्ह्यात साधारण ३.३ मीटर कापड खातो. ३,००० जोडांना ९,९०० मीटर. मीटरमागे ४५ रुपये धरले तर ४ लाख ४५ हजार रुपये कागदावर वाचतात. एवढ्या रकमेचा मोह कोणालाही होईल. पण गणवेशाच्या धंद्यात गिऱ्हाईक कापड विकत घेत नाही, सारखेपणा विकत घेतं. परेडला उभ्या शंभर जवानांत एकाचा शर्ट वेगळ्या शेडचा दिसला की सगळा माल परत येतो. म्हणून आधी विचारायचं ते हे: तुम्ही या निविदेत बसता का, बसलात तर माल वेळेत येईल का, आणि दुसरा लॉट पहिल्यासारखाच येईल का. भाव त्यानंतर.

पहिली गोष्ट, माल कोणासाठी आहे यावर बरंच अवलंबून आहे. केंद्राचं दल, राज्य पोलीस, सैनिकी शाळा आणि खासगी सुरक्षा एजन्सी या चारही ठिकाणी नियम वेगळे. तुम्ही निमलष्करी दल म्हणालात, म्हणजे केंद्र सरकारची खरेदी. तिथे ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा २०१७ चा आदेश लागतो, त्यातल्या टक्केवाऱ्या २०२० मध्ये बदलल्या. स्थानिक हिस्सा, म्हणजे मालाच्या किमतीतला देशात तयार झालेला भाग, ५० टक्के किंवा जास्त असेल तर तुम्ही वर्ग-१ पुरवठादार, २० ते ५० च्या मध्ये असाल तर वर्ग-२, आणि २० च्या खाली असाल तर स्थानिक नाहीच. ज्या वस्तूंची देशात पुरेशी क्षमता आणि स्पर्धा आहे असं संबंधित मंत्रालयाने ठरवलंय, त्यांत फक्त वर्ग-१ ला प्रवेश. बाकी ठिकाणी वर्ग-२ येऊ शकतो, पण सर्वात कमी दर वर्ग-२ चा असला तरी त्याच्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत वर असलेल्या वर्ग-१ ला दर जुळवून ऑर्डर घेण्याची संधी मिळते. २०० कोटींच्या आतल्या खरेदीला जागतिक निविदा सहसा निघतच नाही. तेव्हा बांगलादेशातून तयार जोड आणून ‘स्थानिक हिस्सा ५० टक्के’ असं लिहिता येणार नाही. तो रस्ता इथेच बंद होतो.

त्यातला आणखी एक तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला अनामत रकमेची सूट आणि खरेदीतला २५ टक्के वाटा मिळतो तो माल बनवणाऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. तयार माल आणून पुढे दिलात तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) हातात असूनही तुम्ही त्या व्यवहारात व्यापारी ठरता. ३५ मशीन उभी करून त्यांचाच फायदा सोडून देण्यासारखं आहे ते.

आता चायनाचं कापड आणून इथे शिवलं तर? इथे नीट हिशेब करा, कारण फसगत इथेच होते. स्थानिक हिस्सा म्हणजे कर वजा जाता मालाची किंमत, त्यातून आयात भागाची किंमत वजा. आणि आयात भागात सीमाशुल्कही धरायचं. तुमचंच उदाहरण घेऊ:

कापड ३.३ मीटर × १८० = ५९४ रुपये. बटण, चेन, दोरा, फ्युजिंग, लेबल मिळून ९०. कटिंग, शिलाई, काज-बटण, बारटॅक, इस्त्री ३००. पॅकिंग, तपासणी, वाहतूक ६०. खर्च झाला १,०४४. त्यावर १०६ नफा धरून तुम्ही १,१५० चा दर भरलात. यात आयात कापडाचा वाटा ५९४ भागिले १,१५०, म्हणजे ५१.७ टक्के. स्थानिक हिस्सा उरला ४८.३. तुम्ही वर्ग-२ मध्ये गेलात. हाच दर १,१८८ च्या वर असता तर वर्ग-१ टिकला असता. म्हणजे स्वस्त कापड घेऊन दर जितका पाडाल तितका स्थानिक हिस्सा घसरतो. ज्या कारणासाठी ते कापड घेतलं, तेच कारण तुम्हाला निविदेतून बाहेर काढतं.

‘पण मी तर सुरतच्या व्यापाऱ्याकडून जीएसटी बिलावर घेतोय, आयात मी कुठे केली?’ हा युक्तिवाद हमखास येतो. तो चालत नाही. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलेला आयात मालही आयातच धरला जातो, हे स्पष्ट केलेलं आहे. खोटं स्वप्रमाणपत्र दिलं तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद केलं जाऊ शकतं. आणि शेजारचा स्पर्धक तक्रार करायला टपलेलाच असतो.

चीनबद्दल अजून एक नियम माहीत हवा. जमिनीवरून भारताला सीमा लागून असलेल्या देशांच्या बोलीदारांना जुलै २०२० पासून आधी नोंदणी करावी लागते. विकास-सहाय्य किंवा कर्जसहाय्य दिलेल्या देशांना त्यातून वगळलंय, त्यामुळे बांगलादेशला ती अडचण नाही. चीनला आहे. कच्चा माल किंवा सुटे भाग चीनमधून घेतले तर त्या पुरवठादाराची नोंदणी लागत नाही, पण तयार माल तिथून घेऊन पुढे द्यायचा असेल तर लागते. कापड तुमच्यासाठी कच्चा माल आहे, शिवलेला जोड हा तयार माल. तरीही निविदेच्या तांत्रिक अटींत ‘सूत आणि कापड देशी असावं’ असं वेगळं लिहिलेलं असू शकतं. ती ओळ असेल तर पुढचा सगळा विचार बाजूला ठेवा.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९४१ पासून बेरी दुरुस्ती म्हणून ओळखला जाणारा नियम आहे: सैन्याचे कपडे देशातच बनलेले हवेत, धाग्यापासून शिलाईपर्यंत. २००१ मध्ये तिथल्या लष्कराने सगळ्या सैनिकांना काळ्या बेरे टोप्या द्यायचं ठरवलं. १४ जूनची तारीख गाठायची होती, देशातल्या कारखान्याकडून तेवढ्या वेळात तेवढ्या टोप्या होणं शक्य नव्हतं, म्हणून सूट घेऊन परदेशातून मागवल्या. त्यात चीनमध्ये बनलेल्याही होत्या. गदारोळ झाला आणि संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी चिनी टोप्या वापरायच्या नाहीत असा आदेश काढला. सुमारे ६ लाख टोप्या बाजूला ठेवाव्या लागल्या. कारण टोप्यांच्या दोषाचं नव्हतं. वापरणारा कोण आहे, हे खरेदी करताना पाहिलं गेलं नाही.

आता १८० रुपये मीटर हा आकडा. तो ‘पोहोच’ आहे असं एजंट म्हणतो, पण त्याला बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात करताना कस्टमला भरून दिलेल्या कागदाची, प्रत मागा. देत नसेल तर माल कोणत्या शीर्षकाखाली (सीमाशुल्कातल्या मालाच्या वर्गाखाली) आणि कोणत्या किमतीला आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि उद्या चौकशी झाली तर तुमच्याकडे दाखवायला कागद नसेल. स्वतः आयात केलीत तर हिशेब कसा फुगतो ते समजण्यापुरतं सांगतो. बंदरात उतरलेली किंमत १०० रुपये धरा. मूळ सीमाशुल्क २० टक्के धरलं तर २०. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, २ रुपये. झाले १२२. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ६ रुपये १० पैसे. याचं क्रेडिट मिळतं, पण रोख आधी तुमच्या खिशातून जाते. सीएचए म्हणजे कस्टम एजंटची फी, बंदराचे चार्जेस, न्हावाशेव्याहून धुळ्यापर्यंतचा ट्रक. वर पैसे अडीच-तीन महिने अडकतात त्याचं व्याज. १०० चे १३० सहज होतात. शुल्काचा खरा दर कापड कोणत्या शीर्षकात बसतं त्यावर ठरतो, आणि अनेक कापडांना ‘इतके टक्के किंवा मीटर-किलोमागे इतकी रक्कम, यांतलं जे जास्त ते’ अशी पद्धत आहे. स्वस्त कापडाला ती दुसरी रक्कमच जास्त बसते. म्हणून ऑर्डर देण्याआधी सीएचएकडून लेखी शीर्षक आणि दर घ्या. कापडासोबत घातक ॲझो रंग नसल्याचं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही हवं, नाहीतर बंदरात नमुना काढून तपासणी होते आणि दिवस जातात.

दिवसांचं गणित तर याहून कडक आहे. छापील कापडाचा नमुना मंजूर होईपर्यंत १५ ते २० दिवस. विणाई, छपाई, फिनिशिंग ३० ते ४०. चीनच्या बंदरातून न्हावाशेवा १८ ते २५. क्लिअरन्स आणि ट्रक आठवडा. बेरीज ७० ते ९० दिवसांची होते, आणि अजून एक कात्री चाललेली नाही. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्ष आलं की तिथले कारखाने दोन-तीन आठवडे बंद. निविदेत पुरवठ्याची मुदत बहुधा ६० ते ९० दिवसांची असते. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, कमाल १० टक्के. ३४ लाख ५० हजारांच्या ऑर्डरला ८ आठवडे उशीर म्हणजे १ लाख ३८ हजार गेले, शिवाय कामगिरीची नोंद खराब. देशी मिलकडून हेच कापड ३५ ते ४५ दिवसांत येतं, आणि काही बिघडलं तर गाडी काढून मिलवर जाऊन उभं राहता येतं. ‘जाऊन उभं राहणं’ ही किंमत लोक हिशेबात धरत नाहीत. मी ती सर्वात वर धरतो.

आता शेडबद्दल सविस्तर सांगतो, कारण माल नाकारला जातो तो बहुतेक वेळा इथेच.

एजंटने दिलेला हातभर तुकडा आणि दलाचा सीलबंद नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवला तर दोन्ही सारखे दिसतील. तेच दोन तुकडे दुपारी बाहेर उन्हात न्या. एकातला हिरवा पिवळट होतो, दुसऱ्यातला खाकी तांबूस मारतो. दोन्ही मिलनी वेगवेगळे रंग वापरून एकाच प्रकाशात शेड जुळवलेली असते, प्रकाश बदलला की जोडी फुटते. तपासणी अधिकारी हे डी-६५ या दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली पाहतात, आणि जवान ते धुळ्याच्या उन्हात घालतात. म्हणून कापड आलं की प्रत्येक ताग्याच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा वीतभर तुकडा कापा, त्यावर ताग्याचा नंबर बॉलपेनने लिहा, आणि सगळे तुकडे गोधडीसारखे एकाला एक जोडून शिवा. ही गोधडी घरच्या मशीनमध्ये पाच वेळा धुवा आणि उन्हात पसरा. कोणता तागा वेगळा आहे हे पाच मीटरवरून दिसतं. तागे शेडप्रमाणे अ, ब, क गटांत लावा आणि एका जोडाचा शर्ट आणि पँट एकाच गटातून कापा. कटिंग टेबलावर थर रचताना गटांची सरमिसळ झाली की नंतर कोणताही उपाय नाही.

त्याच वेळी आटणं मोजा. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुऊन वाळवा. ताण्याच्या, म्हणजे लांबीच्या बाजूला ४८.५ राहिले तर आटणं ३ टक्के. ४२ इंची पँटच्या लांबीत ते सव्वा इंच होतं. मार्करमध्ये (कापडावर भाग मांडण्याच्या आराखड्यात) ते धरलं नसेल तर पहिल्या धुलाईनंतर तक्रारी येतातच.

प्रयोगशाळेत पाठवायचं ते असं: वजन जीएसएममध्ये (चौरस मीटरमागे ग्रॅम), सुती-पॉलिस्टर प्रमाण, ताण आणि फाटण्याची ताकद, धुणं, घासणं, घाम आणि प्रकाश यांना रंग किती टिकतो. धुणं-घासण्याचा दर्जा १ ते ५ च्या ग्रे स्केलवर, प्रकाशाचा १ ते ८ वर. आपल्या भागात घामाची चाचणी फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कमी प्रतीचा पिगमेंट प्रिंट काखेत आणि कॉलरमागे महिन्याभरात पांढरा पडतो. सुती हिस्सा कमी केलेलं कापड हाताला छान गुळगुळीत लागतं, पण अंगावर भट्टी होतं. एजंटच्या स्वस्त भावाचं मूळ पुष्कळदा इथेच असतं: नमुना ७०:३० चा, माल ४०:६० चा. पाण्याचा थेंब टाकून किंवा दोरा जाळून पाहायच्या घरगुती परीक्षेवर जाऊ नका, प्रमाणाचा रिपोर्ट घ्या.

खऱ्या लढाऊ पोशाखात आणखी एक अट असते, जी डोळ्यांना दिसत नाही. रात्री पाहण्याच्या उपकरणात कापडाने आसपासच्या पालापाचोळ्याइतकाच अवरक्त प्रकाश परत टाकायला हवा. त्यासाठी सुतावर निवडक व्हॅट रंग वापरतात. साध्या छपाईचं कापड दिवसा हुबेहूब दिसतं आणि रात्री उपकरणात चमकतं. निविदेत ही अट असेल तर प्रत्येक लॉटचा रिपोर्ट मागा, फक्त नमुन्याचा नको. कापड स्वस्त म्हणून असं कापड जवानाच्या अंगावर घालणं हा माझ्या मते व्यवहार नाही, अपराध आहे.

नमुन्याच्या हक्काबद्दलही सावध राहा. भारतीय लष्कराचा डिजिटल छपाईचा पोशाख १५ जानेवारी २०२२ च्या लष्कर दिनाला समोर आला. निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने तो तयार झाला आणि त्या नमुन्याचे बौद्धिक हक्क लष्कराने नोंदवून घेतलेत. कोणी ‘नवीन आर्मी पॅटर्न तयार आहे, हवं तेवढं घ्या’ म्हणत असेल तर त्या मालाला हात लावू नका. खासगी सुरक्षा एजन्सीचं कामही करत असाल तर लक्षात ठेवा, २००५ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षारक्षकाला लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा पोशाख घातला तर रक्षक आणि मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि नमुना निवडणं हे नुसतं दिसण्याचं काम नाही. अफगाण सैन्यासाठी अमेरिकेच्या पैशाने एका परदेशी कंपनीच्या मालकीचा जंगली नमुना घेतला गेला. २०१७ च्या सरकारी लेखापरीक्षणात त्यावरचा जादा खर्च २.८ कोटी डॉलरपर्यंत निघाला, आणि त्या देशात जंगल आहे २.१ टक्के.

मग परदेशी माल कधीच घेऊ नये का? घ्यावा, जिथे देशात ती वस्तू त्या प्रतीची पुरेशी बनत नाही तिथे. सियाचीनसारख्या ठिकाणचे अतिथंडीचे काही पोशाख, काही आगरोधक धागे, पाणी रोखून घाम बाहेर सोडणारे कापडावरचे पातळ थर, ही उदाहरणं. तिथे पैसे एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर) द्या, माल जहाजात चढण्याआधी तिसऱ्या पक्षाची तपासणी लावा, आणि करारात ‘मंजूर नमुन्याप्रमाणे’ इतकंच न लिहिता रंगाचा फरक, आटणं, वजन यांचे आकडे लिहा. सवलतीचं शुल्क घ्यायचं असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र पुरत नाही. सप्टेंबर २०२० पासून माल खरोखर तिथे कसा बनला याची माहिती आयातदाराकडेही असावी लागते. बांगलादेशचे तयार कपडे तर मे २०२५ पासून जमिनीवरच्या नाक्यांतून येत नाहीत, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून येतात. पण तुमच्या ३,००० जोड साध्या ट्विल किंवा रिपस्टॉप विणीच्या कापडासाठी यातलं काहीही लागू नाही.

देशी मिल म्हणजे आपोआप चांगला माल, असंही समजू नका. व्यापारी दोन लॉट मिसळून देतात, किनारीवरचं नाव एका मिलचं आणि कापड दुसऱ्या लूमचं असतं. म्हणून कापड थेट मिलकडून घ्या, बिलावर लॉट नंबर असू द्या, आणि ९,९०० अधिक ३ टक्के, म्हणजे सुमारे १०,२०० मीटर एकाच छपाईत काढून घ्या. १०,००० आज आणि २०० नंतर, असं कधी करू नका. ते २०० मीटर वेगळ्या शेडचेच येतील.

आगाऊ पैशांची अडचण खरी आहे. त्यावर मिलशी असं बोला: २५ टक्के ऑर्डरसोबत, २५ टक्के छपाईचा पहिला तुकडा मंजूर झाल्यावर, उरलेले माल उचलताना. पूर्ण आगाऊ मागणारी मिल इतक्या मीटरला यावर बहुधा तयार होते, कारण छापील कॅमोफ्लाज दुसऱ्या कोणाला विकता येत नाही ही तिचीही भीती असते, आणि अर्धी रक्कम हातात आली की ती भीती जाते. २२५ चा भाव मग २१५ पर्यंत येतो का ते बघा. २१५ ने जोडाचा खर्च १,१६० च्या आसपास बसतो, दर १,२७० भरता येतो, आणि वर्ग-१ चा शिक्का पक्का राहतो.

निविदा भरण्याआधी या आठवड्यात तीन कामं करा. निविदेची तांत्रिक अट प्रिंट काढून ‘देशी’, ‘सीलबंद नमुना’ आणि ‘लॉट’ हे शब्द जिथे येतात तिथे खूण करा. मिलकडून पाच मीटर कापड आणि त्याच लॉटचा रिपोर्ट मागवा. आणि सुरतच्या एजंटला फक्त बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. त्याने ती दिली तर दोन्ही कापडं शेजारी ठेवून गोधडीची परीक्षा करा आणि निकाल इथे कळवा, पुढचं मार्कर आणि कटिंगचं मी सांगतो.